नट व्हायचंय? आधी सोलापूर शिकून घ्या

"सर, मालिकेत काम मिळवायला मुंबईत कुणाला भेटायचं?"

हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो. विचारणारा कधी नुकताच बारावी झालेला असतो, कधी पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात वडिलांच्या हाताखाली उभा राहणारा, कधी पदवी घेऊन नोकरीची वाट बघणारी मुलगी. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबईत उतरता येतं, त्यामुळे सोलापूरकराला मुंबई लांब वाटतच नाही. मी त्यांना सांगतो की मुंबईत कुणाला भेटायचं ते नंतर बघू, आधी इथे काय शिकून होतं ते बघू. अभिनयावर पोट भरण्याची सोय सोलापुरात जवळपास नाही, हे खरं आहे. पण अभिनय शिकायला जे जे लागतं त्यातलं बरंचसं इथे आहे आणि ते फार थोड्या पैशांत मिळतं. मुंबईत खोलीचं भाडं भरत भरत तेच शिकायला निघालेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांची ओढाताण बघवत नाही.

इथून कोण गेलं, कसं गेलं

शशिकला जवळकर सोलापूरच्या. जन्म 1932 चा. लहानपणीच सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावी रंगमंचावर नाचणं, गाणं, काम करणं सुरू झालं होतं. वडिलांचा धंदा बुडाला आणि कुटुंब मुंबईला गेलं. घर चालवण्यासाठी या मुलीने स्टुडिओंचे उंबरे झिजवले. 1945 च्या 'झीनत'मधल्या कव्वालीत ती दिसली, ती नूरजहाँ यांच्या ओळखीमुळे. पुढे हिंदी चित्रपटातली खलनायिका म्हणजे शशिकला असं समीकरण झालं. 2007 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

फैय्याज याही सोलापूरच्या. त्यांच्या गळ्यातलं गाणं आणि अंगातला अभिनय एकमेकांपासून वेगळा काढता येत नाही. 1967 साली रंगमंचावर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली'मधली त्यांची झरीना जुन्या प्रेक्षकांच्या मनातून गेलेली नाही. 2015 मध्ये बेळगावला झालेल्या 95 व्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या.

जब्बार पटेल पंढरपूरला जन्मले आणि सोलापुरात हरिभाई देवकरण प्रशालेत शिकले. ते दिग्दर्शक म्हणून मोठे झाले, तरी त्यांचा उल्लेख इथे हवा, कारण त्यांच्या घडणीत प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घराचा वाटा आहे. सोलापुरात येणारे गायक, लेखक, नट त्या घरी उतरायचे. शाळकरी वयात कानावर असं काही पडत राहिलं की पुढे 1972 मध्ये 'घाशीराम कोतवाल'सारखं नाटक उभं करण्याची तयारी कुठून आली याचा थोडा उलगडा होतो.

अतुल कुलकर्णी यांचीही शाळा हरिभाई देवकरणच. सोलापुरात महाविद्यालयात असताना ते 'नाट्य आराधना' या हौशी संस्थेत काम करू लागले. तिथून ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले आणि 1995 मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले. 'गांधी विरुद्ध गांधी'मधले गांधी, 'हे राम' आणि 'चांदनी बार'साठी सहायक अभिनेत्याचे दोन राष्ट्रीय पुरस्कार, 2010 च्या 'नटरंग'मधला गुणा, हे सगळं त्यानंतरचं.

मग करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे दिग्दर्शक नागराज मंजुळे आले, त्यांनी आपल्याच भागातली मुलं निवडली आणि वाटच बदलली. 'फँड्री'तला सोमनाथ अवघडे त्याच भागातला. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सैराट'ची रिंकू राजगुरू अकलूजची, आकाश ठोसर करमाळ्याचा पैलवान. 2016 मध्ये 'सैराट' आला तेव्हा रिंकूचं वय शाळेतलं होतं आणि तिच्या कामाची राष्ट्रीय पुरस्कारांत खास दखल घेतली गेली.

इतक्या वाटांपैकी आपल्या मुलांना ठाऊक असते ती शेवटची, कुणीतरी येऊन आपल्याला निवडण्याची. ती वाट सुंदर आहे, पण तिच्यावर आपला हात चालत नाही. अतुल कुलकर्णींच्या वाटेवरून मात्र कुणालाही पहिली दोन पावलं उद्या संध्याकाळी टाकता येतात.

गावातली शाळा

पार्क चौकाजवळचं हुतात्मा स्मृती मंदिर हे आपल्या शहराचं मुख्य नाट्यगृह. 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चार हुतात्म्यांची आठवण त्याच्या नावात आहे. पुण्या-मुंबईची व्यावसायिक नाटकं दौऱ्यावर आली की इथेच लागतात. आणि राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेची सोलापूर केंद्रावरची प्राथमिक फेरीही इथेच रंगते.

ही स्पर्धा साठहून अधिक वर्षं चालू आहे. जिल्ह्यातल्या संस्था पूर्ण लांबीचं नाटक बसवून उतरतात. बँकेतला कारकून, प्राथमिक शिक्षिका, कापड दुकानातला मुलगा, असे लोक दिवसभराचं काम संपवून रात्री आठ-नऊला तालमीला जमतात. दोन महिने वाचन, मग उभ्याने तालीम, मग रंगीत तालीम, आणि शेवटी एकच प्रयोग. बाहेरच्या माणसाला हा व्यवहार तोट्याचा वाटेल. नव्या नटाला मात्र तो फार काही देऊन जातो. दिग्दर्शकाच्या मनासारखं होईपर्यंत एक वाक्य चाळीस वेळा म्हणणं, दुसऱ्याचा प्रसंग चालू असताना गप्प बसून बघणं, नेपथ्याच्या फळ्या उचलणं, तिसरी घंटा वाजल्यावर पोटात पडणारा खड्डा. पैसे भरून लावलेल्या पंधरा दिवसांच्या शिबिरात यातलं एखादंच मिळतं.

सोलापूर हे गिरणगाव. जुनी गिरणी 1877 ची. गिरण्यांच्या शहरात कामगारांचं नाटक असणं स्वाभाविक होतं, आणि कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी ते जपलं. महाविद्यालयात असाल तर विद्यापीठाचा युवा महोत्सव आहे, त्यात एकांकिका, मूकनाट्य, प्रहसन असतं. शाळेतल्या मुलांसाठी राज्य बालनाट्य स्पर्धा आहे.

आणि नाट्यगृहाच्या बाहेरचं विसरू नका. उत्तर पेशवाईतला शाहीर राम जोशी सोलापूरचा. पंढरपूरला वारीत भारूड करणारा माणूस डोक्यावर पदर घेतो, आवाज बदलतो आणि क्षणात सासू होतो. तिथे ना पडदा, ना दिवे. अकलूजच्या लावणी स्पर्धेत एकच ओळ चार वेगवेगळ्या अर्थांनी अदा करणारी कलावंत बघा. मोडनिंबच्या कलाकेंद्रांचं नाव घेताना आपल्याकडे आजही लोक तोंड वाकडं करतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण समोरच्या माणसाची नजर क्षणभरही न सोडण्याची जी ताकद तिथल्या कलावंतांत असते, ती मिळवायला रंगमंचावरच्या नटाची वर्षं जातात.

चार भाषांचा कान

सोलापुरात वाढलेल्या मुलाच्या कानावर मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दख्खनी रोज पडते. घराशेजारी पद्मशाली कुटुंब, भाजीबाजारात कन्नड, विजापूर वेशीत दख्खनी. 'काय बे' म्हणताना आपण त्या 'बे'मध्ये प्रेम, राग, चेष्टा, जे हवं ते भरतो. नटाला याहून मोठं भांडवल काय हवं? एकाच माणसाला वेगवेगळ्या लयीत बोलताना ऐकलेलं असलं की पात्राची बोली वरून चिकटवावी लागत नाही.

अडचणही इथेच आहे. आपला हेल पक्का असतो. न आणि ण, श आणि ष यांची सरमिसळ होते, वाक्याचा शेवट ओढला जातो. निवड चाचणीत शहरी घरातल्या मुलाची भूमिका समोर आली की हा हेल आडवा येतो. काही जण मग आपल्या बोलण्याचीच लाज बाळगू लागतात. तसं करू नये. 'सैराट'ने करमाळ्याची बोली महाराष्ट्रभर नेली आणि कुणाला ती खटकली नाही. प्रमाण मराठी ही दुसरी भाषा शिकावी तशी शिकायची आणि आपली बोली धारदार ठेवायची. नटाला दोन्ही हव्यात, आणि एकीतून दुसरीत हवं तेव्हा जाता आलं पाहिजे.

त्यासाठीचा सराव साधा आहे. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचन. एक दिवस वर्तमानपत्रातला अग्रलेख, एक दिवस नाटकातलं स्वगत, एक दिवस कविता. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकायचं. पहिले आठ दिवस स्वतःचा आवाज नकोसा वाटतो, नंतर दोष आपले आपल्याला कळू लागतात. डॉ. श्रीराम लागूंचं 'वाचिक अभिनय' हे छोटं पुस्तक या कामी सोबतीला ठेवा.

रंगमंचावर काय लागतं

भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. म्हणजे शरीर, वाणी, वेशभूषा-रंगभूषा आणि आतून उमटणारा भाव. हौशी नटाचं सगळं लक्ष शेवटच्यावर असतं. त्याला रडायचं असतं. पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्दच ऐकू आला नाही तर रडण्याचा उपयोग काय?

आवाज पोचवणं म्हणजे ओरडणं नव्हे. श्वास पोटातून घ्यायचा, वाक्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत तो पुरवायचा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि नवखा नट नेमका तिथेच आवाज खाली टाकतो. 'मी तुला कधीच माफ करणार' एवढंच ऐकू येतं आणि 'नाही' विंगेत जातं. तालमीत मी मुलांना नाट्यगृहाच्या मागच्या दारापाशी उभं करतो आणि रंगमंचावरच्याला कुजबुजीत एक गुपित सांगायला लावतो. कुजबुज मागच्या दारापर्यंत पोचली की समजायचं, श्वास जागेवर आला.

दुसरी गोष्ट ऐकणं. समोरच्याचं वाक्य संपण्याची वाट बघत उभा असलेला नट प्रेक्षकांना लगेच ओळखू येतो. तिसरी गोष्ट टिकून राहणं. व्यावसायिक नाटकाचा शंभरावा प्रयोग पहिल्यासारखाच ताजा व्हावा लागतो, मग सकाळी बसमधून उतरलेले असा नाहीतर अंगात ताप असो. तिकीट काढून आलेला प्रेक्षक ते नाटक पहिल्यांदाच बघत असतो.

कॅमेऱ्यासमोर काय बदलतं

रंगमंचावर चांगलं नाव झालेला नट सेटवर पहिल्या दिवशी हमखास गडबडतो. कारणं समजून घेतली तर भीती कमी होते.

मालिकेचा अर्ध्या तासाचा भाग म्हणजे प्रत्यक्षात साधारण 22 मिनिटांचं चित्रण, बाकी जाहिराती. आठवड्याला सहा भाग जायचे तर रोज जवळपास एक भाग चित्रित व्हायलाच हवा. चार भाग तयार असले की 'बँक आहे' म्हणतात. बँक संपली की सेटवर सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. बारा-तेरा तासांच्या शिफ्टमध्ये नटाला पानं हातात मिळतात ती कधी आदल्या रात्री, कधी रंगभूषा चालू असताना. नाटकात महिनाभर घोळवून पाठ केलेलं असतं. इथे अर्ध्या तासात तीन पानं डोक्यात बसवावी लागतात. तेव्हा पाठांतराचा वेग हीसुद्धा कलाच आहे, आणि ती सरावाने येते. घोकंपट्टी केली तर शब्द बसतात पण एक वाक्य चुकलं की सगळं कोसळतं. या पात्राला समोरच्याकडून काय हवं आहे, हे आधी पकडलं की शब्द त्याच्या मागे येतात.

एकच प्रसंग अनेकदा चित्रित होतो. आधी सगळे दिसतील असा मास्टर, मग एकेकाच्या खांद्यावरून, मग क्लोज. मास्टरमध्ये तुम्ही 'बाबा गेले' या शब्दांवर चहाचा कप खाली ठेवलात, तर क्लोजमध्येही त्याच शब्दांवर, त्याच हाताने ठेवावा लागतो. नाही तर संकलकाला दोन्ही जोडता येत नाहीत. याला कंटिन्युइटी म्हणतात. हात भावनेच्या भरात कुठेही जाऊ देणाऱ्या नटाला हे जाचक वाटतं. उलट ज्याने तालमीत हालचाली पक्क्या करण्याची सवय लावून घेतली आहे, त्याला ते सोपं जातं. हौशी रंगभूमीची शिस्त इथे कामाला येते.

आवाज छातीवर लावलेल्या छोट्या माइकसाठी असतो, म्हणून खाली आणावा लागतो. पण श्वास तोच. आवाज लहान केला म्हणून ऊर्जा लहान करणाऱ्यांचं काम पडद्यावर निर्जीव दिसतं. डोळ्यांचं तर विचारूच नका. नाटकात मान वळवावी लागते, क्लोजमध्ये नजर दोन बोटं हलली तरी विचार बदललेला दिसतो. जमिनीवर चिकटपट्टी लावून दिलेल्या खुणेवर न बघता येऊन थांबायचं, दिवा आपल्या चेहऱ्यावर आहे हे गालाच्या उबेवरून ओळखायचं, सहकलाकार निघून गेलेला असताना भिंतीकडे बघून प्रेमाची वाक्यं बोलायची. या सगळ्याचा सराव घरी मोबाइल स्टँडवर लावून होतो.

आणखी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. नाटकात पात्राचा शेवट आपल्याला पहिल्या वाचनातच ठाऊक असतो. मालिकेत आपलं पात्र पुढच्या महिन्यात चांगलं राहणार की दुष्ट होणार, हे लेखकालाही नक्की माहीत नसतं. म्हणून पात्राच्या सवयी, चाल, बोलण्याची लकब इतकी पक्की बांधावी की कथा कुठेही गेली तरी माणूस तोच वाटावा.

पुढचं शिक्षण

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची स्थापना 1959 ची. तीन वर्षांचा निवासी अभ्यासक्रम, मोजक्या जागा, विद्यार्थ्यांना विद्यावेतन. प्रवेशासाठी पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो, म्हणून हौशी नाटकांची प्रमाणपत्रं, कात्रणं, छायाचित्रं जपून ठेवा. शिकवणं हिंदी-इंग्रजीतून असतं. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पडद्यावरच्या अभिनयाचा अभ्यासक्रम आहे. प्रवेश मिळाला नाही म्हणजे अंगात कला नाही असं समजू नका. मराठीतले कितीतरी मोठे नट कुठल्याही संस्थेत शिकलेले नाहीत; डॉ. लागू तर कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते.

पैसा कसा येतो

व्यावसायिक नाटकात नटाला प्रयोगागणिक पैसे मिळतात. त्याला नाइट म्हणतात. प्रयोग झाला तर पैसे. पावसाळा, परीक्षा, निवडणुका, यांत प्रयोग कमी होतात. तालमीच्या महिन्यात हातात फारसं काही येत नाही.

मालिकेत दिवसाचा दर ठरतो. महिन्यात किती दिवस बोलावणार, हे कथेवर अवलंबून. पैसे काम झाल्यावर साधारण नव्वद दिवसांनी खात्यावर येण्याची पद्धत आहे, म्हणजे जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे एप्रिलमध्ये. मुंबईत उतरताना निदान सहा महिन्यांचा खर्च गाठीला हवा म्हणतात तो यासाठी. मानधनातून दहा टक्के कर आधीच कापला जातो. उत्पन्न कमी असेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो. नवे कलाकार हे करतच नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात. करारात दुसऱ्या वाहिनीवर काम करायला किती काळ बंदी आहे, ते सही करण्याआधी वाचा. आणि 'ट्रॅक संपला', म्हणजे मालिकेतली तुमच्या पात्राची गोष्ट संपली, हे दोन शब्द एखाद्या दिवशी अचानक ऐकू येतील, हे धरून चला.

सगळं काम मुंबईतच असतं असंही आता राहिलेलं नाही. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरजवळ चित्रित झाली, 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे, आणि त्या भागातल्या रंगभूमीवरच्या कितीतरी कलाकारांना घराजवळ काम मिळालं. सोलापूरच्या माळावर, उजनीच्या काठावर असं काही उभं राहावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

निवड चाचणी आणि फसवणूक

आज पहिली चाचणी बहुधा घरूनच होते. दिलेला प्रसंग मोबाइलवर चित्रित करून पाठवायचा. मोबाइल आडवा, खिडकीचा उजेड समोरून, मागे साधी भिंत, पंखा बंद. सुरुवातीला नाव, उंची, गाव. फोटो बिनमेकअपचा, खरा दिसणारा.

चाचणीसाठी कुणीही पैसे मागितले तर तो माणूस काम देणारा नव्हे. नोंदणी शुल्क, ओळखपत्र, 'वाहिनीची अनामत रक्कम', नाव काहीही असो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी दागिने गहाण ठेवून असे पैसे भरले होते. ते परत आले नाहीत, आणि मुलाने पुन्हा रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही. काम मिळाल्यावर ते मिळवून देणाऱ्या समन्वयकाने ठरलेली टक्केवारी घेणं वेगळं. ती काम झाल्यानंतरची गोष्ट आहे.

मुली आणि लहान मुलं

तालमी रात्री असतात म्हणून मुलींचं नाटक सुटतं. संस्थेने मुलींना घरी सोडण्याची व्यवस्था करावी, आई-वडिलांना तालमीला येऊन बसू द्यावं. एकदा येऊन बसलेले वडील पुढे नेपथ्याला खिळे ठोकताना दिसतात, असा माझा अनुभव आहे. 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा सेटलाही लागू आहे. निर्मिती संस्थेत दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर तक्रार समिती असलीच पाहिजे, आणि ती कोण आहे हे विचारण्यात संकोच करू नये.

बालकलाकारांसाठीचे नियम पालकांनी पाठच करावेत. चित्रीकरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावी लागते. मिळकतीचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो. शाळा बुडणार नाही, ही जबाबदारी निर्मात्याची.

उद्या संध्याकाळी काय करायचं

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी हिवाळ्यात लागते. तिकीट नाममात्र असतं. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत रोज जा. चांगली नाटकं बघा तशी फसलेलीही बघा, आणि कुठल्या क्षणी आपलं लक्ष उडालं ते वहीत लिहा. ज्या संस्थेचं काम आवडेल तिच्या दिग्दर्शकाला प्रयोगानंतर विंगेत गाठा. पहिल्याच वर्षी भूमिका मागू नका. प्रॉम्प्टिंगला बसतो, सामान लावतो, असं सांगा. प्रॉम्प्टरचं सगळं नाटक पाठ होतं, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी कुणी आजारी पडलं तर दिग्दर्शकाची नजर आधी त्याच्याकडेच वळते.